‘नावावर करणे’ म्हणजे नेमके काय करणे?

प्रति,
माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

विषय : वारस नोंद, हक्कसोडपत्र आणि मालकी यांविषयीचा गैरसमज

महोदय,

मृत खातेदारांच्या जागी त्यांच्या वारसांची नावे सातबाऱ्यावर आणण्यासाठी महसूल विभागाने २०२५ च्या एप्रिलपासून ‘जिवंत सातबारा’ मोहीम राज्यभर हाती घेतली, तेव्हा आपल्या अनेक वाचकांप्रमाणे मीही तिचे मनापासून स्वागत केले. आजोबा, पणजोबा यांच्या नावावर राहिलेल्या जमिनीवर पीक कर्ज मिळत नाही, नुकसानभरपाई अडते आणि शासकीय योजनेचा लाभ घेताना नातवाला आपण कोणाचे कोण हे पुन्हा पुन्हा सिद्ध करावे लागते. हा त्रास ज्यांनी सोसला आहे त्यांना या मोहिमेचे मोल वेगळे सांगायला नको. मात्र या निमित्ताने आमच्या गावी चावडीवाचन, म्हणजे सातबाऱ्याच्या नोंदींचे सर्वांसमोर वाचन, झाले त्या दिवशी मला एक गोष्ट प्रकर्षाने जाणवली आणि तीच या पत्राचे कारण आहे. चावडीत जमलेल्या माणसांपैकी प्रत्येक जण ‘नावावर करून घ्यायचे आहे’ एवढेच म्हणत होता, पण त्यातल्या एकाला वारस नोंद हवी होती, दुसऱ्याला भावाभावांतली वाटणी हवी होती, तिसऱ्याला बहिणींची नावे काढून टाकायची होती आणि चौथ्याला वीस वर्षांपूर्वी साध्या कागदावर झालेला व्यवहार पक्का करून हवा होता. कायद्याच्या दृष्टीने या चार निरनिराळ्या गोष्टी आहेत. त्यांची कागदपत्रे वेगळी, कार्यालये वेगळी आणि परिणाम तर पूर्णपणे वेगळे. आपल्या बोलीत मात्र या सगळ्यांना एकच शब्दप्रयोग आहे, आणि त्याच्या आडोशाला अनेकांचे, विशेषतः सासरी गेलेल्या मुलींचे, नुकसान होते असे माझे अनुभवांती मत झाले आहे.

माझे वडील २००९ मध्ये वारले. मागे आई, दोन भाऊ, थोरली बहीण आणि मी. थोरल्या भावाने तलाठी कार्यालयात वर्दी दिली, मृत्यूचा दाखला व वारसांची यादी जोडली, रीतसर फेरफार, म्हणजे सातबाऱ्यातील बदलाची नोंद, झाला आणि मंडळ अधिकाऱ्यांनी तो प्रमाणितही केला. त्या वेळी मला एवढेच कळले की ‘सगळ्यांची नावे लागली’. ते खोटेही नव्हते. नावे सगळ्यांचीच लागली होती, पण भावांची कब्जेदार, म्हणजे जमीनधारकांच्या, सदरात आणि आई, बहीण व माझे ‘इतर हक्क’ या सदरात. ज्या रकान्यात कुळाचा हक्क, विहिरीतला हिस्सा, विकास सोसायटीचा बोजा अशा गोष्टी लिहितात त्या रकान्यात, बोजाच्या ओळीखाली, आम्हा तिघींची नावे सोळा वर्षे होती. मी शिक्षिका म्हणून उभे आयुष्य मुलांना ‘वाचा, मग सही करा’ असे सांगितले, पण स्वतःच्या माहेरचा सातबारा त्या चावडीवाचनापर्यंत कधी नीट वाचला नव्हता, हे कबूल केले पाहिजे.

हा प्रकार आमच्याच घरी झाला असे नाही. ज्यांच्या माहेरी जमीन आहे अशा कोणत्याही बाईने आपला सातबारा काढून पाहावा. पूर्वी एकत्र कुटुंबाच्या जमिनीला फक्त थोरल्या मुलाचे नाव ‘ए. कु. मॅ.’, म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर, असे लावण्याची पद्धत होती, आणि त्या तीन अक्षरांचा अर्थ पुढच्या पिढीला माहीत नसल्याने धाकट्या भावांच्या वंशजांना न्यायालयाच्या पायऱ्या चढाव्या लागल्या. ‘इतर हक्क’ ही त्याचीच पुढची आवृत्ती म्हणता येईल. हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ अन्वये मृत्युपत्र न करता वारलेल्या पुरुषाचे मुलगे, मुली, विधवा आणि त्याची आई हे सारे पहिल्या वर्गाचे वारस आहेत आणि त्यांत मुलीचे स्थान मुलाच्या खालचे नाही. वडिलोपार्जित मिळकतीबाबत महाराष्ट्राने १९९४ मध्येच त्या वेळी अविवाहित असलेल्या मुलींना सहदायाद, म्हणजे जन्मानेच हिस्सेदार, केले. ९ सप्टेंबर २००५ पासून केंद्राच्या दुरुस्तीने विवाहित-अविवाहित हा भेदच संपवला. त्यावरही वडील त्या तारखेला हयात असावे लागतात की नाही असा वाद पंधरा वर्षे चालला आणि सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा प्रकरणात ११ ऑगस्ट २०२० रोजी तो निकाली काढला. मुलीचा हक्क जन्माने येतो, वडील हयात असण्या-नसण्याशी त्याचा संबंध नाही, असे न्यायालयाने स्पष्ट केले. हिस्सा किती हे मिळकत वडिलोपार्जित आहे की स्वकष्टार्जित, पूर्वी कायदेशीर वाटणी झाली होती की नाही यावर ठरेल, पण केवळ मुलगी म्हणून तो कमी होत नाही. मग तिचे नाव बोजाच्या शेजारी का, याचे उत्तर मला कोणत्याही कार्यालयात मिळाले नाही. ‘पूर्वीपासून तसेच लावतात’ हे काही उत्तर नव्हे.

खरी गोष्ट पुढे आहे. मोहिमेत हे लक्षात आल्यावर मी धाकट्या भावाशी बोलले, तेव्हा तो अगदी सहज म्हणाला, ‘ताई, तेच तर करायचंय. इतर हक्कातून तुझं नाव कमी करून घेऊ, म्हणजे सातबारा साफ होईल. तुझी एक सही लागेल.’ माझा भाऊ लबाड नाही, हे मी शपथेवर सांगेन. त्याला खरोखरच असे वाटत होते की नाव कमी करणे ही सातबाऱ्याची साफसफाई आहे. आम्ही तालुक्याच्या गावी गेलो, दस्तलेखकाने कागद तयार ठेवले होते, आणि त्यांच्या डोक्यावर ठळक अक्षरांत ‘हक्कसोडपत्र’ असे लिहिलेले होते. आत मजकूर होता की सदर मिळकतीत माझा अथवा माझ्या वारसांचा यापुढे कोणत्याही प्रकारचा हक्क, हितसंबंध राहिलेला नाही व भविष्यात तो मागणार नाही. मी विचारले, ‘हे नाव कमी करण्याचे कागद आहेत ना?’ दस्तलेखक म्हणाले, ‘हो बाई, तेच ते.’ तेच ते नाही, संपादक महोदय. सातबाऱ्यावरचे नाव ही नोंद आहे आणि हक्कसोडपत्र हे हस्तांतरण आहे. नोंद चुकली तर दुरुस्त करता येते. दुय्यम निबंधकासमोर अंगठे देऊन, छायाचित्र काढून नोंदवलेले हक्कसोडपत्र मात्र ‘मला समजले नव्हते’ एवढ्या बळावर रद्द होत नाही, त्यासाठी दिवाणी न्यायालयात फसवणूक वा दबाव सिद्ध करावा लागतो. मी त्या दिवशी सही न करता परत आले. एस. टी.त भाऊ आणि मी शेजारी बसलो होतो आणि तासभर कोणी कोणाशी बोलले नाही.

गैरसमज नको म्हणून लगेच सांगते की हक्कसोडपत्रालाच माझा विरोध नाही. माझ्या थोरल्या बहिणीने सर्व समजून, स्वखुशीने आपला हिस्सा भावांच्या लाभात सोडला आणि तो तिचा पूर्ण अधिकार आहे. माझा आक्षेप आहे तो हक्क सोडण्याला ‘नाव कमी करणे’ म्हणण्याला. याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. अनेक कुटुंबांत बहिणी आनंदाने हक्क सोडतात, पण तो शंभर किंवा पाचशे रुपयांच्या मुद्रांक कागदावर, नोटरीसमोर. नोंदणी अधिनियम, १९०८ च्या कलम १७ प्रमाणे शंभर रुपये व त्याहून अधिक किमतीच्या स्थावर मिळकतीतील हक्क सोडण्याचा दस्त नोंदवणे सक्तीचे आहे (ही शंभर रुपयांची मर्यादा इंग्रजांच्या काळातली असून आजही तशीच आहे, त्यामुळे व्यवहारात कोणतीच मिळकत तिच्यातून सुटत नाही), आणि कलम ४९ प्रमाणे अनोंदणीकृत दस्ताने असा हक्क हस्तांतरित होत नाही. म्हणजे एकीकडे न समजता हक्क गमावणाऱ्या बहिणी आहेत आणि दुसरीकडे हक्क मिळाला असे समजून निर्धास्त राहिलेले भाऊ. वीस वर्षांनी भाचा येऊन हिस्सा मागतो तेव्हा त्या नोटरीच्या कागदाची किंमत कळते. आणखी एक गोष्ट. हक्कसोडपत्र सहहिस्सेदारांमध्येच होते. ज्याचा त्या मिळकतीत मुळीच हिस्सा नाही अशा माणसाला मिळकत विनामोबदला द्यायची असेल तर बक्षीसपत्र करावे लागते, त्याला दोन साक्षीदार लागतात आणि घेणाऱ्याने ते देणाऱ्याच्या हयातीतच स्वीकारावे लागते. राहते घर किंवा शेतजमीन पती, पत्नी, मुलगा, मुलगी, नातवंडे यांना बक्षीस देताना महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क नाममात्र २०० रुपये ठेवलेले आहे, स्थानिक अधिभार काय तो वेगळा. ही सवलत ठाऊक नसल्याने कित्येक वडीलधारी माणसे ‘खर्च फार येतो’ म्हणून हयातीत काहीच करत नाहीत.

आता फेरफाराविषयी. फेरफार झाला की मालकी मिळाली असे बहुतेकांना वाटते. सर्वोच्च न्यायालयाने अनेक निकालांत, अलीकडे २०२१ मध्येही, सांगितले आहे की महसुली नोंदीने मालकी निर्माण होत नाही आणि संपुष्टातही येत नाही, ती नोंद महसूल वसुलीच्या सोयीसाठी असते. आपला जमीन महसूल अधिनियम, १९६६ मात्र कलम १५७ मध्ये असेही म्हणतो की प्रमाणित नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी मानावी. ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी आहेत, आणि सामान्य माणसाची गाडी नेमकी इथे अडते. नोंदीने तुम्ही मालक होत नाही, पण नोंद नसेल तर मालक असूनही बँक, खरेदीदार आणि तहसील यांच्यापैकी कोणी तुम्हाला दारात उभे करत नाही. ज्याचे नाव नोंदीतून वगळले गेले त्याच्यावर आपला हक्क शाबित करण्याचा भार येऊन पडतो. म्हणून ‘नोंद काय, नुसती कागदोपत्री’ असे म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही.

ही नोंद कशी होते ते पाहा. वारसाने हक्क प्राप्त झाला की तीन महिन्यांत तशी वर्दी द्यावी असे कायदा सांगतो. अर्जदार मृत्यूचा दाखला देतो आणि वारस कोण कोण आहेत याचे प्रतिज्ञापत्र किंवा स्वयंघोषणापत्र देतो. हल्ली हा अर्ज ई-हक्क प्रणालीवर घरबसल्याही करता येतो. वारसांची नावे आधी वारस नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना ६-क मध्ये चढतात, मग फेरफार नोंदवहीत नोंद धरली जाते, हितसंबंधितांना नोटीस निघते, हरकतीसाठी पंधरा दिवस मिळतात, हरकत आली तर ती वादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत जाते, नाही आली तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. कागदावर ही व्यवस्था निर्दोष आहे. पण तिचा सगळा डोलारा एका माणसाने दिलेल्या यादीवर उभा आहे. त्याने बहिणीचे नावच लिहिले नाही तर तिला नोटीस कशी जाणार? आणि लिहिले, पण पत्ता माहेरचाच दिला, तर नोटीस त्याच उंबऱ्यावर पोचते जिथून अर्ज निघाला. माझ्या बाबतीत हेच घडले. फेरफाराच्या कागदपत्रांची नक्कल काढल्यावर मला दिसले की २००९ सालची माझी नोटीस माहेरच्या पत्त्यावर ‘बजावली’ असा शेरा आहे, तेव्हा माझ्या लग्नाला सव्वीस वर्षे झाली होती.

शहरातल्या सदनिकेचीही कथा निराळी नाही, फक्त तिथे सातबाऱ्याऐवजी नॉमिनी हा शब्द घोटाळा करतो. माझे पती वारले तेव्हा सदनिका त्यांच्या एकट्याच्या नावे होती आणि पुष्कळ वर्षांपूर्वी त्यांनी नामनिर्देशन केले होते ते आमच्या मुलाचे, कारण तेव्हा मुलीचा जन्म झालेला नव्हता. गृहनिर्माण संस्थेच्या सचिवांनी सांगितले, ‘नॉमिनी आहे ना, मग फ्लॅट त्याच्या नावावर झाला.’ तसे होत नाही. नामनिर्देशन म्हणजे मृत्युपत्र नव्हे. संस्थेला व्यवहार कोणाशी करायचा एवढेच त्याने ठरते, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर तर सहकारी संस्था अधिनियमात स्पष्टच लिहिले आहे की कायदेशीर वारसांना सभासद करून घेईपर्यंत नॉमिनी हा केवळ तात्पुरता सभासद राहतो. आमच्याकडे मी, मुलगा आणि मुलगी असे तिघे समान वारस होतो (सासूबाई हयात असत्या तर त्यांचाही चौथा वाटा असता, हेही फार थोड्यांना माहीत असते). दोन्ही मुलांनी माझ्या लाभात नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून दिले आणि मग संस्थेच्या भाग प्रमाणपत्रावर (शेअर सर्टिफिकेटवर) माझे नाव चढले. तो कागद करताना मुलीला मी प्रत्येक ओळ मोठ्याने वाचायला लावली. ती कंटाळली होती.

घरपट्टीची पावती, वीजबिल आणि ग्रामपंचायतीचा नमुना ८ यांविषयी फार लिहीत नाही, कारण ते कर आकारणीचे कागद आहेत आणि त्यांवर नाव आले म्हणजे कर भरण्याची जबाबदारी आली, इतकेच. गावठाणातील घरांना २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेतून ड्रोन मोजणीनंतर मिळकत पत्रिका मिळू लागल्या आहेत, हे चांगले आहे, पण ती पत्रिका तयार होताना पुन्हा तोच प्रश्न येतो की घरात नावे किती आणि कोणाची.

एक मागणी मी अनेकांच्या तोंडून ऐकली आहे, ती म्हणजे ‘खरेदीखतावरचे वडिलांचे नाव काढून आमचे घाला’. नोंदवलेल्या खरेदीखतावरचे नाव कोणालाही बदलता येत नाही आणि बदलण्याची गरजही नसते. त्या दिवशी कोणी विकले व कोणी घेतले याचा तो दाखला आहे, आणि नोंदणी कार्यालयाच्या सूची क्रमांक २ (इंडेक्स-२) मध्ये तो तसाच राहणार. पुढचा हक्क कोणाकडे आला हे पुढचा दस्त किंवा वारसा सांगतो. स्पेलिंग, गट क्रमांक, चतुःसीमा अशी चूक असेल तर चूकदुरुस्तीपत्र होते, पण त्यावर मूळ दस्तातल्या दोन्ही पक्षांच्या सह्या लागतात, म्हणून चूक दिसताच, विकणारा हयात असताना ती दुरुस्त करून घ्यावी. बायकांच्या बाबतीत यात आणखी एक पेच आहे. सातबाऱ्यावर माझे माहेरचे नाव, आधार कार्डावर सासरचे, आणि ती दोन्ही माणसे एकच हे सांगणारे प्रतिज्ञापत्र प्रत्येक कार्यालयाला नव्याने हवे. मी आतापर्यंत अशी पाच दिली आहेत.

वारसांमध्ये वाद असेल तर प्रतिज्ञापत्राने भागत नाही, दिवाणी न्यायालयाकडून वारस प्रमाणपत्र घ्यावे लागते, आणि ते अजूनही १८२७ च्या मुंबई विनियम ८ खाली दिले जाते, ही माहिती वाचकांपैकी काहींना उपयोगी पडेल. मृत्युपत्राला मात्र ना मुद्रांक लागतो ना नोंदणीची सक्ती आहे, दोन साक्षीदारांच्या सह्या पुरेशा असतात. तरीही आपल्याकडे ते करणे अशुभ मानतात आणि मग मुलांनी भांडणे मात्र शुभ ठरते.

शासनाकडे माझे मागणे मोठे नाही. वारस नोंदीच्या अर्जात मृताच्या सर्व मुलींची नावे, त्यांचा सध्याचा पत्ता आणि मोबाइल क्रमांक यांचे रकाने सक्तीचे असावेत, मुली नसतील तर ‘नाहीत’ असे अर्जदाराने स्पष्ट लिहून द्यावे, आणि नोटीस त्या पत्त्यावर टपालाने व संदेशाने जावी. जी प्रणाली विकत घेणाऱ्याला दस्त नोंदला गेल्याचा संदेश क्षणात पाठवते तिला हे जड जाऊ नये. मुली व विधवा यांची नावे कब्जेदार सदरातच लावावीत आणि पूर्वी ‘इतर हक्कात’ गेलेली नावे याच मोहिमेत तपासून घ्यावीत. १९९२ मध्ये याच शासनाने लक्ष्मी मुक्ती योजनेचे परिपत्रक काढून पत्नीचे नाव पतीबरोबर सहधारक म्हणून लावण्याची वाट मोकळी केली होती, तेव्हा ही कल्पना प्रशासनाला अपरिचित नाही. आणि दुय्यम निबंधक कार्यालयात हक्कसोडपत्र नोंदताना, हक्क सोडणाऱ्या व्यक्तीला ‘या दस्ताने तुमचा हिस्सा कायमचा जातो, केवळ नाव कमी होत नाही’ हे वाक्य मराठीत वाचून दाखवून त्याखाली तिची वेगळी सही घ्यावी. त्या एका वाक्याने कोणाचे हक्कसोडपत्र अडणार नाही. ज्यांना सोडायचे आहे ते सोडतीलच.

भावांशी माझे बोलणे पुढे झाले. त्या दोघांनी तहसील कार्यालयात संमतीचे जबाब दिले आणि गेल्या महिन्यात माझे नाव ‘इतर हक्कातून’ खरोखरच कमी झाले आणि कब्जेदार सदरात, त्यांच्या खाली लागले. आई आता नाही, म्हणून तिच्या नावासाठी पुन्हा वेगळी वर्दी दिली आहे. तिच्या वारसांच्या यादीत या वेळी मी स्वतः पत्ते लिहिले. हरकतीची मुदत अजून संपायची आहे.

कळावे,
आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका